विहीणबाई चिंचखारला उतरल्या

पोर्ट लुई, मॉरिशस
९ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवा,

मी रोजलीन, तुमच्या मनिषाची सासू. मी आमच्या क्रेओल भाषेत बोलते आहे आणि मनिषा समोर बसून मराठीत लिहिते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता, असं ती सांगते, तेव्हा कागदच बरा. माझे मालक मराठी होते, पण ते दिवसभर गोदीत ओझी उचलायचे, मला शिकवायला त्यांना वेळ कुठे होता? मला तुमची भाषा येते ती आरतीपुरती.

तुम्हाला एक विचारायचं आहे. माझा जन्म या गावातला नाही. इथून बोटीनं बरेच दिवस लांब बोडाम नावाचं बेट आहे, तिथला. इंग्रजांनी मॉरिशसला स्वातंत्र्य दिलं, पण देण्याआधी आमची बेटं कापून स्वतःकडे ठेवली आणि अमेरिकेला वापरायला दिली. शेजारच्या मोठ्या बेटावर, दिएगो गार्सियावर, लढाऊ विमानांचा तळ झाला. त्यासाठी आसपासच्या सगळ्या बेटांवरची माणसं उचलली. त्यात मी होते. तेव्हा मी तरणी होते, आता ऐंशीची आहे.

आता सांगतात की करार झाला, बेटं परत मिळणार. दुसऱ्या दिवशी सांगतात की करार अडला. मला त्यातलं काही कळत नाही. पण एक बोट जाणार आहे एवढं खरं. बेटावर जन्मलेल्या म्हाताऱ्यांना कबरी साफ करायला नेणार आणि परत आणणार. जायचं असेल त्यांनी नाव द्यायचं आहे. माझी आई तिथं पुरलेली आहे. अवधूत म्हणतो, आई, तुझ्या छातीला झेपायचं नाही. मनिषा म्हणते, तुमच्या मनाला येईल तसं करा. म्हणजे तिलाही कळत नाही.

तुमचं गाव विमानांसाठी उठवलं. माझ्या ओळखीत असं दुसरं माणूस नाही. तुम्ही परत जाऊन पाहिलंत का? पाहावं का? मी जाऊ की नको, एवढंच सांगा.

रोजलीन

बाबा, अवधूतला हा बोटीचा विषयच नको आहे. जरा सांभाळून उत्तर द्या. — मनिषा


करंजाडे, पनवेल
२४ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

तुमचा कागद आमच्या दीपेशनं मोबाइलवर मोठा करून दाखवला. आम्ही लग्नाला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही मला खाऊ घालून घालून बेजार केलंत, पण या बेटाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मी तेव्हा लेकीवर रुसलेला होतो, त्यामुळे मीही काही विचारलं नाही. असो.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. 'मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला' हे मी वर्गात घोकून घेतलेलं आहे. स्वतंत्र होताना खिशातून बेटं काढून घेतली होती, हे त्या पुस्तकात नव्हतं. तुमचा कागद आल्यावर मी नकाशाचं पुस्तक काढलं. त्यात तुमचं बोडाम नाही. दिएगो गार्सिया म्हणून एक ठिपका आहे, तो मला आधी शाईचा वाटला.

दीपेशनं मोबाइलवर आणखी शोधून दिलं. तेव्हा अमेरिकेला रशियाची भीती होती. हिंदी महासागरात रशियाचं आरमार उतरेल, म्हणून मध्यावर आपलं ठाणं हवं. इथपर्यंत समजलं. पण विहीणबाई, एकाहत्तर साली लढाई झाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. पनवेलात काचांना काळा कागद लावून बसायचो आणि रशिया आपल्या बाजूनं आहे म्हणून खूश व्हायचो. आम्ही तर चौकात रशियाचा जयजयकार केला होता. म्हणजे ज्यांना आम्ही टाळ्या देत होतो त्यांच्या धाकानं तुमचं बेट रिकामं झालं? मग यात थोडे आम्हीही आलो का? दोन दिवस मी याच विचारात आहे आणि भामा म्हणते, भाजी आणायला जा.

बरं, मग तो रशिया मोडला. त्यालाही पस्तीसेक वर्षं होत आली. मग तळ का नाही उठला? ज्याच्या भीतीनं कुलूप लावलं तो गेला, तर कुलूप काढायला नको? माझी मती चालत नाही.

आता तुमचा प्रश्न. खुशाल जा. त्यात विचारायचं काय? मी तर आमच्या चिंचखारला जात असतो. आता कुंपण आहे, आतलं दिसत नाही, पण कडेला जाऊन घटकाभर बसावं, जुनी जागा नजरेखालून घालावी, बरं वाटतं. माणसानं आपल्या जागेला पाठ दाखवू नये. अवधूतरावांना सांगा, छातीला काही होत नाही.

तुमचा,
बळीराम


पोर्ट लुई
१४ डिसेंबर २०२५

व्याहीबुवा,

तुमचा कागद मनिषानं मला दोनदा वाचून दाखवला. टाळ्यांचं वाचून मला हसू आलं. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. मी रशियन माणूस पहिल्यांदा पाहिला तो इथल्या समुद्रकिनाऱ्यावर, चड्डीवर, उन्हानं भाजून लाल झालेला. त्याच्या भीतीनं आमची चूल विझवली असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला विचारलं असतं की बाबा, तुला बोडाम माहीत तरी होतं का.

आम्हाला काय सांगितलं ते सांगते. आम्ही नारळाच्या मळ्यावर कामाला होतो. खोबरं वाळवायचं, घाण्यावर तेल काढायचं. मळ्याचा साहेब आला आणि म्हणाला, बेट बंद झालं. दुकान बंद झालं म्हणावं तसं. माणसाला कळेना की बेट बंद होतं म्हणजे काय होतं. समुद्र बंद होतो? पाऊस बंद होतो? त्याच्या आधीपासूनच तांदूळ-पिठाची बोट यायची बंद झाली होती. मग एक दिवस एक पेटारा आणि एक गादी घेऊन बोटीत बसा म्हणाले. मी गादी घेतली. पेटाऱ्यात काय भरावं ते सुचेना, म्हणून रिकामा नेला. पुढे किती दिवस मला लोक विचारायचे, रिकामा पेटारा कशाला आणलास? मलाही कळत नाही.

इथं आल्यावर सगळीकडे नवं निशाण फडकत होतं. लोक म्हणाले, आपण स्वतंत्र झालो. मी म्हटलं, बरं झालं. आणि गोदीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. तिथंच अवधूतचे वडील भेटले, त्यामुळे मी सगळंच वाईट झालं असं म्हणत नाही. हीच तर अडचण आहे.

आता मला नीट सांगा. तुम्ही चिंचखारला जाता तेव्हा कुठे बसता? कोणत्या बाजूला तोंड करून? घर कुठे होतं ते ओळखू येतं का? पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? परत आल्यावर जेवण गेलं का? मला हेच ऐकायचं आहे. नाव द्यायला अजून वेळ आहे.

रोजलीन

बाबा, रिकाम्या पेटाऱ्याचं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. अवधूतलाही माहीत नव्हतं. — मनिषा


करंजाडे
६ जानेवारी २०२६

विहीणबाई,

नववर्षाच्या शुभेच्छा. इकडे विमानतळ सुरू झाला. आख्खं पनवेल तिकडे लोटलं आहे. ज्यांना कुठेही जायचं नाही तेही आत जाता येईल तिथपर्यंत जाऊन फोटो काढून येतात. सुकापूरची आमची भाची तर नऊवारी नेसून गेली होती. दीपेशच्या कळंबोलीच्या ट्रकवाल्या दोस्तांनी पेढे वाटले. मला दिलेला पेढा मी खाल्ला. वाईट नव्हता.

तुमच्या बोटीबद्दल मी पुन्हा विचार केला. मागच्या कागदात मी घाईनं लिहिलं. माझा सल्ला असा की जाऊ नका. इतक्या लांबचा समुद्र, तुमचं वय, आणि जाऊन तरी काय? जे गेलं ते गेलं. अवधूतराव समंजस आहेत, त्यांचं ऐका. आईला घरूनच फूल वाहा.

कोणत्या बाजूला तोंड करून बसता वगैरे जे विचारलंत, ते असं लिहून सांगण्यासारखं नसतं. तिथं आता सगळं वेगळं आहे. तुम्ही फार खोलात शिरता. मुलंही शाळेत असंच विचारायची आणि तास संपायचा.

थंडी आहे. तब्येत सांभाळा.

बळीराम

विहीनबाय, मी भामा. यो कागूद दीपेश आता पाठवनार हाय, त्याच्या आधी मी सांगते आनि तो लिवतो. यांचा काय बी आयकू नका. म्हने मी जातो, बसतो. कवा गेलं? गाव सोरल्यापासून यो मानूस त्या वाटंला फिरकला नाय. उलव्याला लगीन व्हता तं रिक्षा लांबच्या रस्त्यान फिरवून नेली, का तं मधी गाव लागतं. विमान डोक्यावरशी गेला का घरान जाऊन बसतो. ऐकू येत नाय म्हनतो, विमान बरा ऐकू येतं! तुमाला तो काय सांगनार? तुमीच या आमचेकडं. बावीस वर्सं झाली, विहीन आमच्या दारान आली नाय. कोलंबीचा कालवन करीन.


पोर्ट लुई
२० जानेवारी २०२६

व्याहीबुवा,

भामाबाईंनी तुमच्या कागदाखाली चार ओळी लिहवून घेतल्या होत्या. तुम्हाला माहीत नसावं. आता त्यांना रागावू नका, मी वय झालेली बाई आहे, माझ्याशी कुणीतरी खरं बोलायला हवं.

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. मला वाटत होतं की तुम्ही तिकडे जाऊन आनंदात बसता आणि मीच तेवढी भित्री. आता आपण दोघंही सारखे.

मी ठरवलं आहे की पनवेलला यायचं. मनिषा आणि नात इरा बरोबर आहेत. इथून मुंबईचं सरळ विमान आहे, ते आम्ही घेणार नाही. आधी दिल्लीला जाणार आणि तिथून तुमच्या नव्या विमानतळावर उतरणार. म्हणजे मी चिंचखारला उतरणार. तुम्ही मला घ्यायला या. दीपेशला एकट्याला पाठवलंत तर मी आतच बसून राहीन. मी बाहेर आले की तुम्ही मला सांगायचं, तुमचं घर कुठे होतं. ते पाहून मी ठरवेन की बोटीत नाव द्यायचं की नाही. द्यायची मुदत मार्चअखेर आहे.

रोजलीन


करंजाडे
२९ जानेवारी २०२६

विहीणबाई,

मॉरिशसहून दिल्ली आणि दिल्लीहून पनवेल! शाळेतलं पोर नकाशावर अशी रेघ मारतं तर मी त्याला उभं केलं असतं. तुमचे गुडघे, इराच्या परीक्षा, वर दोनदा सामान उतरवायचं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरा. मी स्वतः तिथं हार घेऊन उभा राहतो, पहाटेचं विमान असलं तरी.

नव्या विमानतळावर अजून सगळं सुरळीत नाही म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नका.

भामाशी मी दोन दिवस बोललो नाही. तिला ते कळलंच नाही.

बळीराम

बाबा, तुमचा कागद इथं आईंना वाचून दाखवला, तरी तिकिटं काढली. दिल्लीवरूनच. आई ऐकत नाहीत. चौदा मार्चला दुपारी पोचतो. — मनिषा


करंजाडे
५ एप्रिल २०२६

विहीणबाई,

तुम्ही सुखरूप पोचलात, कळलं. घर सुनं झालं आहे. भामा अजून तुमच्यासाठी चहात साखर जास्त टाकते आणि मग मलाच प्यावा लागतो. संध्याकाळी गच्चीत दोन खुर्च्या तशाच आहेत.

तुम्ही होतात तेव्हा मी एक बोललो नाही. मनिषाच्या तोंडून ते तुमच्यापर्यंत जाणार, तुमच्या तोंडाकडे मला पाहावं लागणार, हे जमलं नसतं. म्हणून लिहितो.

त्या दिवशी मी सकाळपासून तयारीत होतो. मनात ठरवलं होतं की आमच्या टेकडीवरून दिशा धरायची. टेकडीच्या पायथ्याशी देऊळ, देवळापासून खाली उतरलं की आमची आळी. गाडीतून उतरलो आणि पाहतो तो टेकडी नाही. ती कापून भरावात घातली, हे मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं. गावात मीच लोकांना वाचून दाखवलं होतं. पण माहीत असणं निराळं. मी मान वर करून तिला शोधत होतो आणि दीपेश म्हणत होता, बाबा, पुढं चला, गाडी थांबवू देत नाहीत.

मग म्हटलं, नदीवरून धरू. नदी वळवलेली. सूर्यावरून धरावं तर वर एवढं मोठं छप्पर. तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात, इराच्या हाताला धरून. तुम्ही मला नमस्कारसुद्धा केला नाहीत. सरळ विचारलंत, कुठे? तेवढं मला मनिषानं सांगायच्या आधीच कळलं.

मी बोट दाखवलं. एक खांब होता, शेजारी सामानाच्या ढकलगाड्यांची रांग. मी म्हटलं, इथं. हा आमचा उंबरा.

आणि तुम्ही चपला काढल्यात. ऐंशीच्या वयाची बाई, गुडघे दुखणारी, खाली वाकून चपला काढून बाजूला ठेवते आणि अनवाणी उभी राहते. भामा तर तयारीनंच आली होती. विहीण पहिल्यांदा दारात येते म्हटल्यावर तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तुमच्या पायावर पाणी घातलं, तांदळाच्या भाकरीचा तुकडा तुमच्यावरून ओवाळला आणि टाकला. तो पहारेकरी धावत आला. "माँजी, ये क्या फेंक रहे हो? एअरपोर्ट है!" भामा त्याला म्हणाली, "तुजा एअरपोर्ट आसंल, आमचा गाव हाय." दीपेशनं तुकडा उचलून खिशात घातला. तुम्ही खांबाला हात लावून रडत होतात. मनिषा रडत होती. भामाही. मी हार धरून उभा.

विहीणबाई, तो आमचा उंबरा नव्हता. मला काही कळलंच नव्हतं, मी पुढ्यातला खांब दाखवला. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि मी 'माहीत नाही' कसं म्हणणार? परत येताना गाडी वळली तेव्हा कर्नाळ्याचा सुळका दिसला आणि मग मला दिशा लागली. आमचं गाव पार मागे, कुंपणाच्या आत, जिथं विमानं धावतात तिथं. तुम्ही उभ्या होतात तिथं खाडीचा चिखल असायचा. भामा बायकांबरोबर तिथं शिंपल्या काढायला जायची. तिलासुद्धा ते ओळखू आलं नाही, कारण मी एवढ्या ठामपणे सांगितलं.

हे एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पुढचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्या बोटीचा प्रश्न आहे. मी न जाण्याचं कारण भामाला वाटतं भीती. भीती होतीच. पण रात्री झोप आली नाही की मी डोळे मिटून गावात शिरायचो. एसटी थांब्यावरून निघून प्रत्येक दारावरून चालत आमच्या घरापर्यंत. कोण दारात बसलंय, कुणाचं कुत्रं भुंकतंय, सगळं. इतकी वर्षं मी हे करत आलो आणि कुणाला सांगितलं नाही.

आता डोळे मिटले की ढकलगाड्या दिसतात. जमिनीवर मारलेले पिवळे पट्टे दिसतात. मी रोज प्रयत्न करतो. थांब्यापर्यंत जमतं, पुढे तो खांब येतो. माझं घर भरावाखाली गेलं तेव्हा गेलं नव्हतं, विहीणबाई. ते त्या दिवशी गेलं. मला फार वाईट वाटतं आहे.

नाव दिलं असेल तर काढून घ्या. तुमचं घर तुमच्या डोळ्यांत अजून उभं आहे, तुम्ही गच्चीत सांगत होतात तेव्हा मी पाहिलं. ते मोडू नका. हा माझा शेवटचा आणि खरा सल्ला.

बळीराम


पोर्ट लुई
१९ एप्रिल २०२६

व्याहीबुवा,

चिखलात तर चिखलात. पाणी माझ्याच पायावर पडलं ना?

तुमचं घर माझ्यामुळं गेलं, हे वाचून मी दिवसभर जेवले नाही. माफी कशी मागायची ते कळत नाही. मी हट्ट केला नसता तर तुम्ही अजून थांब्यावरून चालत घरी जात असता.

तुम्ही खरं लिहिलंत, आणि तरी मी जाणार आहे. नाव तुमच्याकडून आल्या आल्याच दिलं होतं, आता काढत नाही. मी घरासाठी जात नाही, आई तिथं एकटी आहे. तिच्यावरचं गवत इतकी वर्षं कुणी काढलेलं नाही. मला भीती वाटते. परत येईन तेव्हा माझ्या डोळ्यांत काय उरलेलं असेल ते मला माहीत नाही. अवधूत अजून बोलत नाही माझ्याशी. त्याला तुमचा सल्ला पटला होता.

बोट मे महिन्यात निघेल म्हणतात. मग म्हणतात जूनमध्ये. कोणत्या निशाणाखाली निघेल तेही नक्की नाही.

रोजलीन


पोर्ट लुई
१२ जुलै २०२६

बाबा,

हा कागद माझाच आहे. आई परत आल्याला दोन आठवडे झाले. तुमचे दोन कागद आले ते त्यांना वाचून दाखवले, पण उत्तर सांगायला त्या बसतच नाहीत. तब्येत ठीक आहे. छातीला काही झालं नाही. अवधूत बंदरावर घ्यायला गेला आणि त्यांना उचलूनच घेऊन आला.

तुकड्या तुकड्यांनी जे कळलं ते लिहिते. सगळीकडे नारळाचं रान माजलंय, सूर्य दिसत नाही इतकं. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आईंना त्यांच्या घराची जागा सापडली नाही. बरोबरच्या बाया सांगायला लागल्या, इथं असेल, तिथं असेल. आई म्हणाल्या, उगीच सांगू नका. कबरींची जागा सापडली, पण दगडांवर नावं उरली नाहीत. मग त्यांनी हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या साफ केल्या. म्हणतात, यातली एक आईची असेल.

कुठे तरी लांबून विमानाचा आवाज यायचा म्हणे. तेव्हा सगळे थांबून वर बघायचे.

परवा इरानं सहज म्हटलं, आजी, तुमचं घर मला कागदावर काढून दाखव ना. आईंनी पेन्सिल हातात घेतली आणि तशाच बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, माझंही गेलं. बाबा, त्यांचा चेहरा मला पाहवेना.

पनवेलला गच्चीत रोज संध्याकाळी त्या तुम्हाला त्यांचं घर सांगायच्या, आणि तुम्ही त्यांना तुमचं. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. मला त्यातलं काही आठवत नाही. मी तेव्हा स्वयंपाकाचा विचार करायचे, कंटाळायचे, भराभर सांगून मोकळी व्हायचे. आता किती डोकं खाजवते, एक खिडकीसुद्धा आठवत नाही. आईंनी विचारलंय, व्याहीबुवांना आठवतं का? आठवत असेल तर त्यांनी लिहावं.

तुमची,
मनिषा


करंजाडे, पनवेल
२० जुलै २०२६

विहीणबाई,

मनिषाला सांगा, हे सावकाश वाच. भराभर वाचून मोकळी होऊ नको.

तुमचं घर चर्चपासून जवळ नव्हतं. चर्च सोडून किनाऱ्यानं चालत जायचं, पाणी डाव्या हाताला. आधी खोबरं वाळवायची मोठी शेड लागते. तिथं वास इतका उग्र की नवीन माणसाला शिसारी यावी, पण तुम्हाला तो वास आला की भूक लागायची, असं तुम्ही म्हणालात. शेडच्या पलीकडे तेलाचा घाणा, गाढवानं फिरवायचा. गाढव आंधळं होतं आणि त्याला एका मोठ्या साहेबाचं नाव ठेवलं होतं. ते नाव सांगताना तुम्ही इतक्या हसलात की मनिषाला कळलं नाही, म्हणून ते मला माहीत नाही.

घाण्यापासून वाट आत वळते. वाळू पांढरी, सकाळी झाडून काढलेली. तुमच्या दारात एक विलायती फणसाचं झाड. घराच्या भिंती फुटक्या गलबताच्या फळ्यांच्या, वर झावळ्यांचं छप्पर. एका फळीवर कुठल्याशा भाषेत गलबताचं नाव अर्धं उरलं होतं आणि तुमच्या वडिलांनी ते मुद्दाम आतल्या बाजूला घेतलं होतं. दार समुद्राकडे. पावसात ते फुगायचं आणि लागायचं नाही, म्हणून खाली दगड सरकवायचे. दगड गुळगुळीत होता, तुमच्या थोरल्या भावानं समुद्रातून आणलेला.

आत गेल्यावर उजवीकडे चूल. चुलीवर माकूळ मासळी शिजते आहे, नारळाच्या दुधात. भामा विचारते, त्यात मिरची कोणती घालायचात? ती आता तसंच करून पाहणार आहे.

कोंबड्या संध्याकाळी झाडावर चढून झोपायच्या. इथं माझा गोंधळ होतो आहे. कोंबड्या तुमच्या होत्या की आमच्या? फणस तुमचा, आमच्याकडे शेवगा होता, आणि शेवग्यावर कोंबडी बसत नाही, म्हणजे तुमच्याच असाव्यात. पण पडवीत वाळत घातलेलं जाळं मला दिसतं आहे, ते निळं आहे, आणि निळं जाळं माझ्या बापाचं होतं. ओटीवर मिठाची गोणीही दिसते. तुमच्या घराला ओटी होती का? विहीणबाई, लिहिता लिहिता हे काय होतं आहे ते मला कळत नाही. तुमच्या घरात शिरतो आहे आणि आमचं सामान सापडतं आहे. चुकलं असेल ते तुम्ही काढून टाका. मला काढवत नाही.

दार उघडं आहे. समोर पाणी आहे, ते तुमचं का आमच्या खाडीचं, ओहोटी लागलेली आहे. दारात आई बसली आहे, लुगडं की झगा ते इथून दिसत नाही, मांडीशी सूप, सुपात मासे. कुणाची आई, ते मला आता नक्की सांगता येत नाही. ती मान वर करून विचारते, इतका वेळ कुठे होतीस?

काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला सुचत नाही.

बळीराम